गाणी लावून गेलं तरी कुत्रा भुंकतोच: नेमकं कुठे बिनसतंय?

तक्रार साधारण अशी असते. ऑफिसला निघताना कुत्र्यासाठी बासरी नाहीतर संतूर लावून जा, असं कुणीतरी सुचवतं. पहिले दोन-तीन दिवस खरंच फरक पडतो, स्वारी गाढ झोपते. मग आठवडा उलटायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो की तुमचा कुत्रा आज दुपारभर ओरडत होता. मंडळी राग बदलून बघतात, आवाज वाढवून बघतात, 'कुत्र्यांसाठी शांत संगीत' नावाचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ लावून बघतात. फरक शून्य.

माझ्या मते बहुतेक घरांत घोळ गाण्याच्या निवडीत नसतो. गाणं कधी लागतं, ते लागल्यावर घरात काय घडतं आणि स्पीकरमधून गाण्याखेरीज आणखी काय काय बाहेर पडतं, घोळ तिथे असतो. म्हणून 'कुठलं संगीत लावू?' हा प्रश्न खाली बराच मागे ठेवलाय. आधीचं तपासून झाल्याशिवाय त्यावर उडी मारू नका.

आधी बघा, मग बदला

घरात पडून असलेला जुना मोबाइल चार्जरला लावा, दाराकडे तोंड करून शेल्फवर ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करून बाहेर पडा. पूर्ण दिवसाचं रेकॉर्डिंग लागत नाही. माणसं गेल्यावर एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्यांचा सगळ्यात वाईट वेळ बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येतो, त्यामुळे पहिला तासभर मिळाला तरी पुष्कळ.

रेकॉर्डिंगमध्ये आवाजापेक्षा अंगाकडे बघा. गरमी नसताना धापा टाकतोय का? भूक किंवा झोप नसताना ओठ चाटणं, जांभया देणं चाललंय का? कान मागे, शेपूट पोटाशी, लाळ गळतेय का? दार खरवडतोय, की नुसता दाराशी बसून वाट बघतोय? जाताना ठेवलेला आवडता खाऊ तसाच पडलाय का? ही शेवटची खूण मला फार मोलाची वाटते. एरवी पोळीच्या तुकड्यासाठी स्वयंपाकघरात पायात पायात येणारा कुत्रा समोरच्या चिकनला तोंड लावत नसेल, तर तो कंटाळलेला नाही, घाबरलेला आहे. घरी आल्याआल्या फरशीही बघा. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना. खूप ताणाखाली असला की गुळगुळीत टाइल्सवर ओलसर पंजे उमटलेले दिसतात.

याउलट जिन्यात पाऊल वाजलं, कुरिअरवाला आला, समोरच्या दाराची बेल वाजली की चार वेळा भुंकून परत झोपणारा कुत्रा राखणदारी करतोय. त्याला संगीताचा खरोखर उपयोग होतो, कारण बाहेरच्या बारीकसारीक आवाजांवर एक पडदा पडतो. ज्यांना 'संगीत लावलं आणि सुटलो' असा अनुभव येतो, त्यांच्या घरी बहुधा हाच प्रकार असतो. त्यांचं ऐकून तुम्ही तेच केलंत आणि तुमचा कुत्रा घाबरट प्रकारातला निघाला, तर उत्तर जुळणार कसं?

गाणं म्हणजे 'आता हे जाणार' अशी वर्दी झाली असेल तर

सगळ्यात जास्त घरांत मला हाच दोष दिसतो, म्हणून यावर थोडं थांबते.

कुत्रा घरातल्या हालचालींची साखळी पाठ करतो. डबा भरला, मोजे चढवले, किल्ल्या उचलल्या, हेल्मेट काढलं. तुम्ही गाणं फक्त बाहेर जाताना लावलंत, तर दहा-बारा दिवसांत गाणं त्या साखळीतली एक कडी होऊन बसतं. मग कितीही कोमल स्वर लावा, त्याच्यासाठी तो किल्ल्यांचाच आवाज.

ओळखीच्या एका घरी चिकू नावाची गावठी कुत्री आहे. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये हे अगदी उघड दिसतं. चिकू सोफ्याखाली पाय पसरून पडलेली. ताई स्पीकर चालू करतात, ब्लूटूथ जोडलं गेल्याचा 'टुडुंग' होतो. गाणं अजून सुरूच झालेलं नाही, ताईंनी चपलासुद्धा घातलेल्या नाहीत, तोवर चिकू उठून दाराशी जाऊन बसते आणि धापा टाकायला लागते. बासरीचा पहिला सूर येईपर्यंत तिची भीती निम्मी चढलेली असते. तिथे बासरीच्या जागी पेटी लावून काय होणार?

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. ते गाणं, तो स्पीकर, तो 'टुडुंग', हे सगळं काही दिवस बाहेर जाण्यापासून पूर्ण तोडायचं. रात्री जेवणं झाल्यावर, सगळे घरात असताना, कुत्रा आपल्या जागेवर पसरला की तेच संगीत हळू आवाजात लावा. रविवारी दुपारी तुम्ही वामकुक्षी घेताना लावा. फिरवून आणल्यावर, तो दमून पाणी पिऊन पडला की लावा. सोबत चघळायला काहीतरी द्या. हे चालू असताना बाहेर जायची वेळ आलीच, तर त्या दिवसांत गाणं लावूच नका. पंखा चालू ठेवा किंवा रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम लावा.

आता गाणं लागलं की तो स्वतःहून जाऊन आडवा पडतो असं दिसू लागलं, मग पुढची पायरी. गाणं चालू असताना किल्ल्या उचला आणि परत ठेवा. चपला घाला आणि सोफ्यावर बसून पेपर वाचा. दार उघडा, बंद करा, आतच राहा. मग बाहेर जाऊन लगेच परत या. कुत्रा घाबरायच्या आत परत यायचं, हा यातला एकमेव कडक नियम. घाई करून एकदम चार तास गेलात तर केलेल्या मेहनतीवर पाणी फिरतं. आणि पुढेही कायम अधूनमधून घरात असताना गाणं लावत राहा, नाहीतर महिन्याभरात परत तीच वर्दी तयार होईल.

स्पीकरमधून नेमकं काय येतंय?

एकदा स्वतः त्या खोलीत बसून, मोबाइल बाजूला ठेवून, दोन तास ऐका. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

फुकटच्या यूट्यूबवर संतूरच्या मधोमध एखादी जाहिरात दुप्पट आवाजात फुटते. एक व्हिडिओ संपला की आपोआप पुढचा लागतो आणि तिसऱ्या-चौथ्याला गाडी भलतीकडेच वळलेली असते. मग कधीतरी टीव्हीच विचारतो, 'पुढे चालू ठेवायचं का?' तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून सगळं चिडीचूप. लाइट गेली, वायफाय तुटलं, तरी तेच. हे अचानक थांबणं दिसतं तितकं किरकोळ नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या मंडळींनी स्कॉटलंडमधल्या प्राणी निवाऱ्यात कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून २०१७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात संगीत बंद झाल्यावर कुत्रे जास्त भुंकल्याची नोंद आहे. तुमचा कुत्रा रोज ठरावीक वेळेला सुरू होत असेल, तर आधी प्लेलिस्ट कधी संपते ते बघा.

दुसरा छुपा गुन्हेगार म्हणजे बीप. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंत. आपल्याला किरकोळ वाटणारी बारीक 'टिक' त्याच्या कानावर वेगळीच आदळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये घरगुती आवाजांचा अभ्यास केला, तेव्हा सलग चालणाऱ्या खालच्या आवाजांपेक्षा बॅटरी संपत आल्याच्या इशाऱ्यासारखे थांबून थांबून येणारे चिरके आवाज कुत्र्यांना जास्त घाबरवतात असं दिसलं. वर मालकांना आपल्या कुत्र्याची भीती नीट ओळखता येत नाही, हेही. म्हणजे चार्जिंग संपत आलेला ब्लूटूथ स्पीकर दर काही मिनिटांनी बीप देतोय आणि आपण मात्र 'बासरीचा उपयोग होत नाही' म्हणतोय, असं होऊ शकतं. इन्व्हर्टरच्या बीपचंही तेच.

त्यामुळे गाणी डाउनलोड करून ऑफलाइन लावा, स्पीकर चार्जरलाच ठेवा, ज्या फोनवरून गाणं चालतंय त्याची नोटिफिकेशन्स बंद करा. स्मार्ट स्पीकर असेल तर दिवसभराची रिमाइंडर्सही बंद.

आवाज किती? आपण शेजारी बसून सहज गप्पा मारतो तेवढा, त्याहून थोडा कमीच. बाहेरची वर्दळ झाकायची म्हणून वाढवत नेऊ नका. आणि स्पीकर कुत्र्याच्या गादीशेजारी नको. तो ठेवा दार किंवा रस्त्याकडच्या खिडकीच्या बाजूला, म्हणजे बाहेरचे आवाज तिथेच बुजतील आणि नको वाटलं तर कुत्र्याला दूर जाता येईल. बेडरूमचं दार उघडं राहू द्या. काही कुत्र्यांना संगीत नकोच असतं, आणि ते उठून दुसऱ्या खोलीत जाऊन शांत झोपतात. हाही निकालच आहे. तो मान्य करा.

दोन-तीन दिवसांत परिणाम ओसरतो तेव्हा

वरचं सगळं ठीक असूनही सुरुवातीचा गुण पुढे दिसेनासा झाला, तर कुत्रा सरावलाय. ग्लासगोच्याच गटाने त्याआधी, २०१५ मध्ये, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावून पाहिलं होतं. तेव्हा पहिल्या दिवशी कुत्रे निवांत झालेले दिसले, पण तो परिणाम लवकरच ओसरला. म्हणून २०१७ मध्ये त्यांनी प्रकार बदलत ठेवले: सॉफ्ट रॉक, मोटाउन (अमेरिकी सोल-पॉप), पॉप, रेगे (जमैकातलं संथ ठेक्याचं संगीत) आणि शास्त्रीय. कुठलंही लावलं तरी कुत्रे उभं राहण्यापेक्षा पडून राहू लागले आणि हृदयाच्या ठोक्यांवरून बघता सॉफ्ट रॉक आणि रेगेला सगळ्यात जास्त निवांत होते. प्रत्येक कुत्र्याची आवडही थोडी वेगळी निघाली.

तेव्हा एकच अल्बम महिनाभर घासू नका. चार-पाच वेगळे संच करा आणि रोज बदला. दिवसभरही लावू नका. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला दीड-दोन तास आणि इमारतीत वर्दळ असते तो वेळ, एवढं पुरे. बाकी वेळ शांतता हवीच. कुत्रा दिवसाचा मोठा भाग झोपून काढणारा प्राणी आहे. संच संपताना आवाज हळूहळू उतरत जाईल अशी शेवटची फाइल ठेवली तर उत्तम.

बरं, कुठलं लावू?

या विषयावर नेहमी सांगितला जातो तो २००२ चा बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातला डेबोरा वेल्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. निवाऱ्यातल्या ५० कुत्र्यांना माणसांच्या गप्पा, पॉप, हेवी मेटल आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवलं. शास्त्रीय संगीताला कुत्रे जास्त विसावले, हेवी मेटलला जास्त भुंकले आणि पॉप किंवा गप्पांनी काही लावलं नसल्यासारखाच परिणाम झाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासातही शास्त्रीय संगीताला झोप वाढली, हेवी मेटलला अंग थरथरणं वाढलं. गंमत म्हणजे खास प्राण्यांना शांत करण्यासाठी बनवलेल्या संगीताचा तितका प्रभाव तिथे पडला नाही. त्या आठ तासांच्या व्हिडिओंचे पैसे वाचवायला एवढं पुरेसं आहे.

हे सगळे प्रयोग निवाऱ्यातल्या किंवा पिंजऱ्यातल्या कुत्र्यांवरचे आणि पाश्चात्त्य संगीताचे. 'भूपाला कुत्रा झोपतो, मालकंसाला घाबरतो' असली कोष्टकं फिरतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. रागापेक्षा लय आणि पोत बघा. विलंबित, वाद्यं कमी, अचानक चढउतार नाही, तार सप्तकात फार वेळ मुक्काम नाही. आलाप चालेल. त्याच मैफलीचा शेवटचा द्रुत भाग, सतार-संतूरवरचा वेगवान 'झाला', सवाल-जवाब, कडाडणाऱ्या तिहाया आणि मग टाळ्यांचा गजर, हे कापून टाका. लाइव्ह रेकॉर्डिंग शक्यतो नकोच. ढोलकी-लेझीमही नको.

संगीत अजिबात लागू पडत नसेल, तर कुणीतरी शांतपणे वाचतंय असं ऑडिओबुक लावून बघा. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात निवाऱ्यातले कुत्रे शास्त्रीय संगीतापेक्षाही ऑडिओबुकला जास्त निवांत पडून राहिले. मराठी ऑडिओबुकं आता भरपूर मिळतात. कथा मात्र संथ निवेदनाची निवडा. खुनाची, किंकाळ्या आणि दार आपटण्याचे आवाज घातलेली नको.

पेटी काढली की गळा काढतो

हा वेगळाच प्रकार, आणि याबद्दल विचारणारे बहुतेक जण उगाच धास्तावलेले असतात. रियाजाला बसलं, आरतीला शंख फुंकला, लग्नाच्या हॉलमधून सनई आली, अँब्युलन्स गेली की कुत्रा मान वर करून 'ऊऽऽऽ' सुरू करतो. घरातल्या आजी म्हणतात, कुत्रं रडलं, अशुभ. कुणी म्हणतं, कान दुखतात त्याचे.

या सगळ्या आवाजांत एक सारखेपणा आहे: लांब, सलग धरलेला सूर. कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या हाकेचीही तीच घडण असते. दुरून कुणी साद घातली की प्रतिसाद द्यायचा, एवढाच मामला. लांडगे एकत्र हेल काढतात तेव्हा दुसऱ्याच्या सुरावर येऊन न थांबता थोडे बाजूला सरकतात, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. तुमचा मोती काळी चारच्या षड्जाशेजारी नेमका बेसूर का लागतो, याचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. बिचारा कदाचित हिशोबाने बेसूर असेल.

त्रास होतोय की सामील झालाय, हे ओळखणं अवघड नाही. सामील झालेला कुत्रा जवळ येतो, सैल अंगाने बसतो, सूर थांबला की तोही थांबतो आणि तुमच्याकडे बघतो. त्रास होणारा लांब पळतो, डोकं हलवतो, कान पंजाने खाजवतो, पलंगाखाली शिरतो. दुसरा प्रकार असेल तर रियाजाच्या वेळी त्याला फिरायला पाठवा किंवा लांबच्या खोलीत खाऊ देऊन ठेवा. पहिला असेल आणि फक्त तुमच्या तालमीचा खोळंबा होत असेल, तर रियाज सुरू करायच्या आधी त्याच्या तोंडाला चघळायला द्या. चघळता चघळता हेल काढता येत नाही. ओरडून गप्प करू नका. त्याला वाटतं, अजून एक जण सामील झाला.

एकट्या घरात, गाणं चालू नसताना, असा हेल काढत असेल तर मात्र ते गाणं नव्हे, तुम्हाला घातलेली साद आहे. तिथे वरची वर्दीची पायरी परत वाचा.

गणपती, वराती आणि फटाके

मिरवणुकीच्या डीजेवर घरातल्या स्पीकरची मात्रा चालत नाही. खर्जातला दणका भिंतीतून आणि जमिनीतून येतो. त्यावर संतूर लावणं म्हणजे आवाजात आवाज मिसळणं. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, जाड पडदे, पंखा आणि माणसाची सोबत, एवढंच खरं कामाला येतं. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती 'वाढते' हा जुना गैरसमज सोडून द्या. फिरवणं मिरवणूक निघायच्या आत उरकून घ्या, पट्टा आणि गळ्यातला फोन नंबर तपासा. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सणांच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमच्या जिल्ह्यात ते दिवस कोणते, हे आधीच बघून ठेवा.

दिवाळीसाठी डॉक्टरांशी बोलायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी बोला. भीती कमी करणारी औषधं असतात, पण वेळ आणि मात्रा त्यांनीच ठरवायची. घरातली माणसाची झोपेची गोळी अजिबात नाही. नुसती गुंगी येणारं औषध दिलं तर कुत्रा हलत नाही, पण आतून तेवढाच घाबरलेला असू शकतो.

हे दिसलं तर गाणी बाजूला ठेवा

वर्षानुवर्षं शांत असलेला कुत्रा मध्यम वयात अचानक आवाजांना घाबरू लागला, मिक्सर लावला की दचकू लागला, तर आधी दवाखाना. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, सांधे-स्नायूंचं दुखणं असलेल्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती इतरांपेक्षा सरासरी सुमारे चार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. आवाजाने दचकताना दुखरं अंग आखडतं आणि आवाज व दुखणं यांची गाठ बसते, असा त्यांचा तर्क. कानाचा संसर्गही बघून घ्या, विशेषतः पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या जातींमध्ये. दार खरवडून नखं रक्ताळली, ग्रिलमधून निसटायचा प्रयत्न केला, तुम्ही येईपर्यंत काही खाल्लं नाही, तर वर्तनाची जाण असलेल्या डॉक्टरकडे जा आणि तोवर त्याला एकटं ठेवायची वेळ येणार नाही असं बघा: शेजारी, नातेवाईक, डेकेअर, आळीपाळीने घरून काम.

राहिला सोसायटीचा ग्रुप. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार भुंकतो म्हणून कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. पण ते ग्रुपवर चिकटवून भांडण वाढवण्यात हशील नाही, कारण तक्रार करणारी माणसं तुमच्या उपयोगाची आहेत. भिंतीपलीकडच्या काकूंना आठवडाभरासाठी एकच विनंती करा: ओरडायला लागला की घड्याळ बघून मला मेसेज टाका, आणि बंद झाला की परत टाका. त्या वेळा कागदावर मांडून शेजारी प्लेलिस्ट संपण्याची वेळ, लाइट जाण्याची वेळ, समोरच्या फ्लॅटमधल्या मुलांची शाळेची बस यायची वेळ लिहा. बहुतेकदा दोन रकाने जुळतातच, आणि मग पुढच्या आठवड्यात नेमकी कुठली एक गोष्ट बदलायची हे कळतं.